'झालं' म्हणजे 'हॅपन्ड' नव्हे: 'हॅपन' या इंग्रजी क्रियापदाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. बहुतेक जण मराठी माध्यमातून शिकलेले, दिवसभर नोकरी किंवा दुकान सांभाळून येणारे. शंका नाना प्रकारच्या असतात, पण 'हॅपन'ची शंका प्रत्येक बॅचमध्ये पहिल्याच आठवड्यात येते. 'झालं' हा शब्द दिवसभर आपल्या तोंडी असतो आणि 'झालं' म्हणजे 'हॅपन्ड' हे शाळेतच मनात पक्कं बसलेलं असतं. खाली घेतलेले प्रश्न वर्गात आलेले आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. ती मोठ्याने वाचा, कारण ही चूक आधी कानाला कळते आणि मग डोळ्याला.

'ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड' यात नेमकं काय चुकलं?

'वॉज' चुकलं. बरोबर वाक्य आहे 'ॲन ॲक्सिडेंट हॅपन्ड'. रोजच्या बोलण्यात त्याहून सहज वाटतं ते 'देअर वॉज ॲन ॲक्सिडेंट'.

शाळेत शिकलेले कर्तरी आणि कर्मणी प्रयोग आठवा. 'वॉज' आणि त्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप आलं की इंग्रजीत कर्मणी प्रयोग होतो. 'द डोअर वॉज ओपन्ड', म्हणजे दार उघडलं गेलं, कुणीतरी ते उघडलं. कर्मणी प्रयोगाला कर्म लागतं. 'हॅपन' हे क्रियापद अकर्मक आहे, त्याला कर्म कधीच नसतं. दार उघडणारा कुणीतरी असतो, तसा अपघात 'हॅपन' करणारा कुणी नसतो. अपघात आपला आपण घडतो.

'काल अपघात घडला गेला' असं मराठीत कुणी म्हटलं तर कसं वाटेल? 'वॉज हॅपन्ड' इंग्रजी कानाला अगदी तसंच खटकतं. मी वर्गात हे वाक्य एकदा मराठीत म्हणायला लावते. त्यानंतर फार समजावावं लागत नाही.

याच जातीची आणखी क्रियापदं आहेत: डाय, अराइव्ह, अपिअर, डिसअपिअर, ऑकर, एक्झिस्ट. म्हणून 'ही वॉज डाइड' चूक आणि 'ही डाइड' बरोबर. 'माय फोन वॉज डिसअपिअर्ड' चूक आणि 'माय फोन डिसअपिअर्ड' बरोबर.

पण 'इट वॉज हॅपनिंग' तर बरोबर असतं ना? तिथे 'वॉज' कसं चालतं?

तिथे 'वॉज'चं काम वेगळं आहे. 'हॅपनिंग'च्या आधी आलेलं 'वॉज' फक्त काळ दाखवतं: घडत होतं. कर्मणीचा तिथे संबंध नाही. 'हॅपनिंग'बरोबर इज, वॉज, आर, वेअर सगळं चालतं. 'हॅपन्ड'बरोबर चालतात ती हॅज, हॅव आणि हॅड. एवढं पाठ केलंत तरी निम्म्या चुका थांबतील.

ही चूक फक्त आपणच करतो का?

नाही, आणि हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. कारण ही चूक झाली की माणसं खजील होतात. जपानी, कोरियन, चिनी आणि अरबी भाषक इंग्रजी शिकताना हेच वाक्य याच पद्धतीने चुकवतात. दुसरी भाषा माणूस कशी शिकतो याचा अभ्यास करणाऱ्यांनी या चुकीवर बरंच लिहिलं आहे. डोकं आपलं तर्कच लढवत असतं. वाक्यातल्या कर्त्याने स्वतः काही केलेलं नाही, त्याच्या बाबतीत काहीतरी झालं आहे, म्हणजे कर्मणी असणार, असा तो तर्क. तर्क चांगला आहे, पण इंग्रजी तो मानत नाही.

मराठी माणसासाठी यात आणखी दोन कारणांची भर पडते. एक म्हणजे 'झाला होता'. 'अपघात झाला होता' यातल्या 'होता'चं आपण 'वॉज' करतो. तिथे हवं असतं 'हॅड': 'ॲन ॲक्सिडेंट हॅड हॅपन्ड'. दुसरं कारण जास्त खोलवरचं आहे. इंग्रजीतल्या 'हॅव'सारखं क्रियापद आपल्याकडे नाहीच. 'मी आलो आहे', 'काम झालं आहे', 'मी जेवलो आहे' या सगळ्यांचा भार एकटं 'आहे' वाहतं. म्हणून 'आहे' दिसलं की आपला हात 'इज'कडे जातो.

गंमत म्हणजे इंग्रजी भाषेनेही कधीकाळी हेच केलं आहे. १६११ साली छापलेल्या बायबलच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात 'इज हॅपन्ड' अशी रचना सापडते. त्या काळी येणं, जाणं, पडणं, घडणं अशा क्रियापदांना इंग्रजीत 'हॅव'ऐवजी 'बी'ची रूपं लागत. 'ही इज गॉन' हे त्यातलंच आजपर्यंत टिकून राहिलेलं एक. बाकीची मागे पडली आणि 'इज हॅपन्ड'ही त्यांच्याबरोबर गेलं. आज ते लिहिलं तर चूकच धरली जाते.

'झालं'ला 'हॅपन्ड' कधी म्हणायचं, हे पटकन कसं ओळखायचं?

माझ्या मते या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. त्याचं उत्तर इंग्रजीच्या पुस्तकात शोधायची गरज नाही, ते आपल्या मराठीतच आहे.

वाक्यातलं 'झालं' काढा आणि तिथे 'घडलं' ठेवून बघा. वाक्य मराठीत टिकलं तर 'हॅपन्ड' बहुतेक चालेल. नाही टिकलं तर 'हॅपन्ड'ला हात लावू नका.

'तिथे काय झालं?' याचं 'तिथे काय घडलं?' करता येतं. म्हणून 'व्हॉट हॅपन्ड देअर?'. 'असं पुन्हा होणार नाही' याचं 'असं पुन्हा घडणार नाही' होतं. म्हणून 'इट वोन्ट हॅपन अगेन'.

आता 'उशीर झाला' घ्या. 'उशीर घडला'? कुणी म्हणणार नाही. मग 'लेट हॅपन्ड'ही नाही. 'आय ॲम लेट' किंवा 'इट गॉट लेट'. 'जेवण झालं का?' 'जेवण घडलं का?' हसू येईल. इंग्रजीत 'हॅव यू ईटन?' किंवा 'हॅव यू हॅड लंच?'. 'पाऊस झाला' म्हणजे 'इट रेन्ड'. 'किती झाले?' असं दुकानदाराला विचारायचं तर 'हाउ मच इज इट?'. 'तिला मुलगी झाली' म्हणजे 'शी हॅड अ बेबी गर्ल'. 'तो डॉक्टर झाला' म्हणजे 'ही बिकेम अ डॉक्टर', आणि त्यातलं 'अ' गाळू नका. 'मला सर्दी झालीय' म्हणजे 'आय हॅव अ कोल्ड'. 'पुण्यात येऊन वीस वर्षं झाली' म्हणजे 'इट्स बीन ट्वेंटी इयर्स सिन्स आय केम टू पुणे'. 'काम झालं' म्हणजे 'द वर्क इज डन'. 'झालं तुझं?' म्हणजे 'आर यू डन?'.

बघा, मराठीत एकच 'झालं' आणि इंग्रजीत किती वाटा. हॅव, बिकम, गेट, बी, डन, आणि पावसाला तर वेगळं क्रियापदच. 'झालं'ला इंग्रजीत काय म्हणतात, हा प्रश्नच मुळात अर्धा आहे. कुठलं 'झालं', हे आधी विचारायला हवं.

'घडलं'ची ही कसोटी कुठे फसते?

तीन-चार ठिकाणी फसते आणि ती ठिकाणं माहीत असलेली बरी.

'विठ्ठलाचं दर्शन घडलं' मराठीत सुंदर वाटतं, पण 'दर्शन हॅपन्ड' चालत नाही. 'आय वॉज ब्लेस्ड टू हॅव विठ्ठल्स दर्शन' असं म्हणता येईल किंवा साधं 'आय गॉट टू सी द डेइटी'. 'काशीचा प्रवास घडला' तसंच: 'आय गॉट टू गो टू काशी'. 'या शाळेत आम्ही घडलो' यातलं घडणं म्हणजे आकार येणं, मडक्यासारखं. तिथे 'धिस स्कूल मेड अस हू वी आर'.

'माझ्या हातून चूक घडली' हे मात्र थोडं थांबून बघण्यासारखं आहे. 'अ मिस्टेक हॅपन्ड' व्याकरणाने शुद्ध आहे, पण माफी मागताना ते वापरू नका. आपल्या 'माझ्या हातून'मध्ये कबुली असते. 'अ मिस्टेक हॅपन्ड'मध्ये ती नाहीशी होते. चूक आकाशातून पडली, असं काहीसं ऐकू येतं. 'आय मेड अ मिस्टेक' म्हणा. त्यात मराठीतला सगळा प्रामाणिकपणा येतो.

लग्न, बारसं, मीटिंग, संमेलन: यांना 'हॅपन' चालेल का?

इथेही मराठी मदतीला येते. ठरवून, तयारी करून केलेल्या गोष्टीला आपण 'पार पडलं' म्हणतो. लग्न पार पडलं, सभा पार पडली. अपघात पार पडला असं आपण म्हणत नाही. जिथे 'पार पडलं' शोभतं तिथे इंग्रजीत 'टुक प्लेस' किंवा 'वॉज हेल्ड'.

'द फर्स्ट मराठी लिटररी मीट वॉज हेल्ड इन पुणे इन १८७८.' इथलं 'वॉज' बरोबर आहे, कारण संमेलन भरवणारे कुणीतरी असतात. त्या पहिल्या संमेलनाला न्यायमूर्ती रानडे अध्यक्ष होते. मात्र 'हेल्ड'चं 'वॉज' चुकून 'टेक प्लेस'ला चिकटवू नका. 'द मीटिंग वॉज टेकन प्लेस' ही चूक मला अर्जांत सारखी दिसते. 'द मीटिंग टुक प्लेस' एवढंच पुरतं.

स्वतःच्या लग्नाबद्दल बोलताना यातलं काहीच नको. 'माय मॅरेज हॅपन्ड इन २०१५' ऐवजी 'आय गॉट मॅरिड इन २०१५'. समारंभ म्हणायचा असेल तर शब्द 'वेडिंग', आणि संसाराला 'मॅरेज'.

'हॅपन' शुभकार्याला का शोभत नाही, याचं एक कारण शब्दाच्या स्वभावात आहे. जॉन सिंक्लेअर हे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ बर्मिंगहॅममध्ये संगणकावर इंग्रजीचा प्रचंड मोठा साठा जमवून शब्दांच्या सवयी तपासत होते. १९९१ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की 'हॅपन' हे क्रियापद जास्त करून अप्रिय गोष्टींच्या संगतीत सापडतं: अपघात आणि तशा प्रकारचं. आपल्या 'ओढवलं'सारखं ते पूर्णपणे अशुभ नाही, चांगल्या गोष्टींनाही वापरतात. 'गुड थिंग्ज हॅपन' असतंच. पण त्या शब्दाचा कल तिकडे आहे.

हल्ली बोली इंग्रजीत 'द पार्टी इज हॅपनिंग ऑन फ्रायडे' असंही सर्रास ऐकू येतं आणि ते चूक नाही. गप्पांत चालेल. पत्रिकेत किंवा ऑफिसच्या पत्रात 'विल टेक प्लेस' किंवा 'विल बी हेल्ड' लिहा.

भूकंप, पूर, आग यांना तर 'हॅपन' बरोबर असेल?

बरोबर असेल, पण फिकं वाटेल. पुण्यात १२ जुलै १९६१ च्या आठवणी सांगणारी माणसं 'पानशेत फुटलं' म्हणतात. 'धरण फुटण्याची घटना घडली' असं कुणी जुना पुणेकर बोलत नाही. इंग्रजीतही तसंच: 'द पानशेत डॅम बर्स्ट'. किल्लारीच्या भूकंपाला 'ॲन अर्थक्वेक स्ट्रक किल्लारी ऑन थर्टीएथ सप्टेंबर १९९३'. आग, साथ, दंगल, युद्ध यांना 'ब्रोक आउट': 'प्लेग ब्रोक आउट इन बॉम्बे इन १८९६'. नेमकं क्रियापद हाताशी असेल तर 'हॅपन' बाजूला ठेवा. 'घटना घडली' ही सवय आपल्या बातम्यांनी लावली आहे. ती इंग्रजीत नेऊ नका, आणि खरं तर मराठीतही आवरा.

'व्हॉट डिड हॅपन?' का म्हणायचं नाही? प्रश्नात 'डिड' लागतं ना?

'व्हॉट' जेव्हा कर्म असतं तेव्हा लागतं. 'रमेशने काय केलं?' यात करणारा रमेश, म्हणून 'व्हॉट डिड रमेश डू?'. 'काय झालं?' यात मात्र 'काय' हाच कर्ता आहे. कर्त्याबद्दल विचारताना 'डिड' गळून पडतं: 'व्हॉट हॅपन्ड?'. 'हू केम?' मध्ये जसं ते नसतं, तसंच.

'डिड'वर जोर देऊन 'व्हॉट डिड हॅपन?' असं वाक्य इंग्रजीत असतं, पण त्याचा अर्थ 'बरं, मग खरोखर झालं तरी काय?' असा होतो. समोरच्याने तीनदा विषय बदलल्यावर विचारायचा तो प्रश्न आहे.

नकारात 'डिडन्ट' येतं आणि मग 'हॅपन्ड'चं 'हॅपन' होतं: 'इट डिडन्ट हॅपन'.

'तुला काय झालं?' म्हणजे 'व्हॉट हॅपन्ड टू यू?' का?

शब्दांपुरतं हो. 'तुला'मधला 'ला' म्हणजे 'टू', तो गाळून 'व्हॉट हॅपन्ड यू' म्हणू नका. पण या वाक्याला एक धार आहे.

माझ्या वर्गातल्या एक आजी लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाऊन आल्या. शेजारीण एकदा पायरीवर गुडघ्यांवर कोपरं टेकून, तळहातात तोंड धरून बसलेली दिसली. आजींनी जवळ जाऊन मायेने विचारलं, 'व्हॉट हॅपन्ड टू यू?' ती दचकली, स्वतःच्या कपड्यांकडे आणि हातांकडे बघायला लागली आणि म्हणाली, 'नथिंग हॅपन्ड.' आजींना वाटलं आपण नको ते विचारलं. वर्गात सांगतानाही त्यांच्या आवाजात ती हळहळ होती. माया पोचवायला त्यांना दोनच शब्द कमी पडले होते.

'व्हॉट हॅपन्ड टू यू?' ऐकून इंग्रजी माणसाला वाटतं की माझ्या अंगावर काहीतरी दिसतंय: जखम, चिखल, फाटलेली बाही. आपल्या 'काय गं, काय झालं?' मधली काळजी 'आर यू ओके?' किंवा 'व्हॉट्स राँग?' यात असते. शेजाऱ्यांना, सहकाऱ्यांना हेच विचारा.

'टू' आणि 'विथ' यांतही फरक आहे. 'तुझ्या अर्जाचं काय झालं?' यात निकाल विचारायचा असेल तर 'व्हॉट हॅपन्ड विथ युवर ॲप्लिकेशन?'. 'व्हॉट हॅपन्ड टू युवर ॲप्लिकेशन?' म्हटलं तर तो हरवला की काय, असा सूर लागतो.

आणि समोरच्याचं बोलणं ऐकू आलं नाही म्हणून फोनवर 'व्हॉट हॅपन्ड?' विचारू नका. 'सॉरी?' पुरे.

'हॅपन्ड' की 'हॅज हॅपन्ड'?

वेळ सांगितली असेल तर 'हॅपन्ड': 'इट हॅपन्ड यस्टरडे'. वेळ सांगितलेली नाही आणि परिणाम आत्ता समोर आहे, तर 'समथिंग हॅज हॅपन्ड'. काल, परवा, गेल्या वर्षी यांच्यासोबत 'हॅज' कधीच नको. आणि 'दोन दिवसांपूर्वी'चं 'बिफोर टू डेज' करू नका: 'इट हॅपन्ड टू डेज अगो'.

'आय हॅपन्ड टू मीट हिम' याचा अर्थ काय? इथे 'झालं' कुठे आहे?

इथे 'झालं' नाही, योगायोग आहे. 'त्याची सहज गाठ पडली', 'ध्यानीमनी नसताना भेटला'. 'हॅपन टू' आणि पुढे क्रियापद आलं की अर्थ होतो 'योगाने'. हे 'टू' मघाच्या 'टू यू'पेक्षा वेगळं आहे, म्हणून गोंधळू नका.

मला या वापरात शब्दाचं मूळ दिसतं आणि म्हणून तो आवडतो. जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत 'हॅप' नावाचा छोटा शब्द आला. अर्थ: नशीब, योग. 'हॅपन' त्यातूनच निघालं. 'परहॅप्स' म्हणजे 'कदाचित' हे त्याच घरातलं, 'मिसहॅप' म्हणजे दुर्दैवी प्रसंग तेही, आणि 'हॅपी'सुद्धा. 'हॅपी'चा आधीचा अर्थ 'भाग्यवान'. आनंदी हा अर्थ नंतरचा. आपण 'तुमच्या भेटीचा योग आला' म्हणतो, त्या 'योग'च्या शेजारीच हा 'हॅप' राहतो. मघाच्या 'दर्शन घडलं'मध्येही हाच भाव आहे: माणसाच्या हातात नव्हतं, लाभलं.

म्हणूनच 'डू यू हॅपन टू नो व्हेअर द बस स्टॉप इज?' हा प्रश्न इतका अदबीचा. तुम्हाला माहीत असलंच पाहिजे असं नाही, सहज ठाऊक असलं तर सांगा. मराठीत आपण 'तुम्हाला माहीत असेल का हो?' मधल्या 'असेल' आणि 'हो'मध्ये तीच अदब ठेवतो. परक्या गावात रस्ता विचारायला यासारखं वाक्य नाही.

गोष्ट सांगताना 'झालं काय, की...' अशी आपली सुरुवात असते. तिला 'व्हॉट हॅपन्ड वॉज...' किंवा 'इट सो हॅपन्ड दॅट...'. पहिलं बोलण्यात, दुसरं थोडं पुस्तकी.

'ऑकर' म्हणजे 'हॅपन'चंच भारदस्त रूप ना?

साधारण तसंच. पोलिसांच्या प्राथमिक खबरी अहवालाच्या इंग्रजी नमुन्यात 'ऑकरन्स ऑफ ऑफेन्स' असा रकाना असतो, डॉक्टरांच्या कागदांतही 'ऑकर' दिसतं. घरी चहा पिताना ते बोलू नका. हेही अकर्मकच, म्हणून 'वॉज ऑकर्ड' नाही.

पण त्याचा एक उपयोग 'हॅपन'ला नाही. 'इट ऑकर्ड टू मी दॅट...' म्हणजे 'माझ्या लक्षात आलं की', 'मला सुचलं की'. ऑकर हा शब्द लॅटिनमधून आला. तिथे त्याचा अर्थ 'समोर धावत येणं'. विचार धावत समोर येतो, म्हणून सुचणं.

स्पेलिंगचं विचारतात म्हणून इथेच सांगते. 'ऑकर्ड'मध्ये शेवटचा आर दोनदा येतो, कारण उच्चारताना आघात, म्हणजे जोर, शब्दाच्या दुसऱ्या तुकड्यावर आहे. 'हॅपन्ड'मध्ये आघात पहिल्यावर, म्हणून एन एकदाच: एच, ए, पी, पी, ई, एन, ई, डी. पी दोन, एन एक.

ऑफिसच्या रिपोर्टमध्ये 'हॅपन' कसं वापरायचं?

शक्य तितकं कमी. एक उदाहरण जवळून दाखवते.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करणारा डिप्लोमा झालेला मुलगा वर्गात यायचा. एकदा त्याने परदेशी ग्राहकाला पाठवलेला मेल दाखवला. 'यस्टरडे इन सेकंड शिफ्ट ब्रेकडाउन वॉज हॅपन्ड. बेअरिंग जॅम वॉज हॅपन्ड. ड्यू टू धिस प्रॉडक्शन लॉस इज हॅपनिंग.' उत्तर एका ओळीचं आलं होतं: लाइन अजून बंद आहे का? लाइन त्याच रात्री सुरू झाली होती. त्याने स्वतः वंगणात हात घालून ती सुरू केली होती आणि 'इज हॅपनिंग' या दोन शब्दांमुळे ग्राहकाला ती बंदच दिसत होती.

आम्ही दोघांनी मेल पुन्हा लिहिला. मी फक्त प्रश्न विचारत गेले. थांबलं काय? कन्व्हेयर. किती वाजता? ५.४० ला. का? बेअरिंग जाम झालं होतं. तू काय केलंस? बदललं. लाइन कधी सुरू झाली? ७.१५ ला. उत्तरं जोडली:

'द कन्व्हेयर स्टॉप्ड ॲट ५.४० पी.एम. बिकॉज अ बेअरिंग हॅड सीझ्ड. वी रिप्लेस्ड द बेअरिंग ॲन्ड रिस्टार्टेड द लाइन ॲट ७.१५ पी.एम. वी लॉस्ट नाइंटी-फाइव्ह मिनिट्स ऑफ प्रॉडक्शन.'

यात 'हॅपन' एकदाही नाही. प्रत्येक वाक्याला कर्ता आहे आणि प्रत्येक कर्त्याला स्वतःचं क्रियापद. 'वी रिप्लेस्ड' वाचून तो थोडा वेळ गप्प बसला. पहिल्या मेलमध्ये त्याने केलेल्या कामाचा उल्लेखच नव्हता, सगळं आपोआप 'हॅपन' झालं होतं.

विमा कंपनीचा दावा, सोसायटीची तक्रार, रजेचा अर्ज, सगळीकडे हेच करा. आधी मराठीत छोटे प्रश्न, मग त्यांची उत्तरं.

हे तोंडात बसायला काय करावं?

एक छोटी वही घ्या. रात्री झोपताना दिवसभरात आपण बोललेली पाच 'झालं'ची वाक्यं आठवा आणि मराठीतच लिहा. प्रत्येकासमोर 'घडलं' ठेवून बघा, 'पार पडलं' ठेवून बघा, मग इंग्रजी लिहा. रोज पाच, जास्त नकोत. मेस चालवणाऱ्या एका ताईंच्या वहीतलं एक पान त्यांच्या परवानगीने देते.

भाजी खारट झाली. 'द भाजी टर्न्ड आउट टू सॉल्टी.'
गॅस संपायला झालाय. 'वी आर रनिंग आउट ऑफ गॅस.'
मुलाची परीक्षा झाली. 'माय सन्स एक्झाम्स आर ओव्हर.'
शेजारी भांडण झालं. 'देअर वॉज अ फाइट नेक्स्ट डोअर.'
काय झालं कुणालाच कळलं नाही. 'नोबडी न्यू व्हॉट हॅड हॅपन्ड.'

पाचातलं एकच 'हॅपन'. ताईंनी त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.